ओला रस्ता आणि हिवाळी टायर



सौम्य, परंतु पावसाळी हवामानात मोटारीस हिवाळी टायर बसविणे किफायतशीर आहे काय, हा प्रश्न ब्रिटनमध्ये हिवाळा तोंडावर आला की विचारला जातो. जर्मनीत बर्फाळ रस्त्यांवर असे टायर २०१० पासून सक्तीचे आहेत. ब्रिटनमध्ये तशी सक्ती नाही.

सुमारे ७ अंश सेल्सिअसखाली साध्या टायरचे रबर कडक होते व त्याची पकड सैल पडते. हिवाळी टायरचे रबर मऊ राहते आणि त्यावरील बारीक चिरा बर्फाला धरून ठेवतात. मात्र हवा उबदार होताच हेच रबर लवकर झिजते आणि गाडी थांबण्यास अधिक अंतर लागते. म्हणून स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात हा खर्च सार्थकी लागतो. इंग्लंडच्या नैऋत्य किनाऱ्यावर बारमाही टायर पुरतो.

ओल्या रस्त्यावर खरा प्रश्न खाचांच्या खोलीचा आहे. खाचा पाणी बाहेर फेकतात. त्या झिजल्या की वेगात चाक पाण्यावर तरंगते व स्टिअरिंग फिरवूनही गाडी वळत नाही. नव्या टायरची खाच सुमारे ८ मिलिमीटर असते. ब्रिटनप्रमाणे भारतातही मोटारीसाठी किमान मर्यादा १.६ मिलिमीटर आहे; परंतु ३ मिलिमीटरलाच टायर बदलणे शहाणपणाचे.

कोकणकिनाऱ्यावर हिवाळी टायरचे प्रयोजन नाही. तेथे मृगापूर्वी खाचा व हवेचा दाब तपासावा. शाळकरी मुलांची ने-आण करणाऱ्या गाड्यांची ही तपासणी शिक्षक व पंचायत सदस्यांनी आग्रहाने करवून घ्यावी.