प्रवेशानंतरचा सल्ला

कॉलेजात प्रवेश मिळाला की घरच्यांना वाटतं, सुटलो. पण खरे प्रश्न तिथूनच सुरू होतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार आता मुख्य विषयाबरोबर इतर विषयही निवडावे लागतात, क्रेडिट्सचा हिशेब ठेवावा लागतो. ठरावीक अटी पूर्ण केल्या, तर एका वर्षानंतर प्रमाणपत्र किंवा दोन वर्षांनंतर पदविका घेऊन थांबता येतं. मिळवलेली क्रेडिट्स ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये नोंदलेली राहतात. हे कुणी वेळेवर सांगितलं नाही म्हणून एखादी मुलगी रिकाम्या हाताने शिक्षण सोडते, याचं फार वाईट वाटतं.

अनेक कॉलेजांत विद्यार्थ्यांच्या प्रत्येक गटाला मार्गदर्शक शिक्षक नेमलेले असतात. आपले कोण, हे पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या. त्यांना भेटण्यासाठी विषय राहून एटीकेटी लागायची वाट पाहू नका. जाताना हजेरी, अंतर्गत परीक्षेचे गुण आणि नेमकं कुठे अडतंय ते लिहून न्या. विषय कळतो पण इंग्रजीतून मांडता येत नाही, असं असेल तर तेही मोकळेपणाने सांगा. त्यात कमीपणा नाही.

आणखी एक गोष्ट: अपंगत्वामुळे लिहिण्यात अडचण असलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षेत लेखनिक आणि तासाला किमान 20 मिनिटं जादा वेळ मिळू शकतो. त्यासाठी प्रमाणपत्रासह अर्ज मात्र परीक्षेच्या बराच आधी करावा.