लेखन कोणाचे, ओवी कोणाची?



बिदरच्या कारागिराने काळ्या सुरईवर चांदीची वेल जडवली आणि ती विकली, की सुरई घेणाऱ्याची होते. ‘बिदरी’ हे नाव मात्र त्याच्याकडे जात नाही. त्या नावाला भौगोलिक मानांकन आहे आणि तो इथल्या कारागिरांचा सामूहिक हक्क आहे. वस्तू वेगळी, तिच्यातला बौद्धिक हक्क वेगळा. या विषयाचा हा पहिला धडा.

पुस्तकाचेही तसेच. प्रत वाचकाची, कॉपीराइट लेखकाचा. १९५७च्या कायद्याप्रमाणे तो लिहिताक्षणी मिळतो. नोंदणी सक्तीची नाही. कल्पनेवर हक्क नसतो, तिच्या मांडणीवर असतो. सीमाभागातल्या शाळेवर दोघांनी कथा लिहिल्या तर ती चोरी नव्हे. एकाने दुसऱ्याचे परिच्छेद उचलले तर चोरी. हा हक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. साने गुरुजी १९५० साली गेले. त्यांचे हयातीत प्रसिद्ध झालेले साहित्य १ जानेवारी २०११पासून सर्वांना खुले झाले.

लिहिताना मिळालेला हक्क आपण बहुधा सही करताना गमावतो. म्हणून करारात कोणते हक्क, किती वर्षांसाठी, कोणत्या प्रदेशापुरते आणि किती मानधनावर दिले, हे स्पष्ट हवे. मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो. ‘सर्व हक्क कायमचे’ असे शब्द दिसले, की पेन खाली ठेवा आणि विचारा.

आता आपल्या दाराशी येऊ. मन्नाएखेळ्ळीच्या परिसरात विद्यार्थी मोबाइलवर जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करतात. परंपरेने आलेली, कर्ता अज्ञात असलेली ओवी सर्वांची. पण ती आज ज्या आजीने गायली, तिच्या त्या गाण्यावर तिचा सादरकर्ती म्हणून पन्नास वर्षे हक्क असतो. निव्वळ अध्यापन-संशोधनासाठी केलेल्या ध्वनिमुद्रणाला कायद्यात सूट आहे. तेच विकायचे तर तिची संमती लागते. सादरकर्त्याचे नाव दिले जावे, हा हक्कही २०१२च्या दुरुस्तीने मान्य केला आहे.

आपल्या संग्रहांवर संकलकाचे नाव ठळक असते आणि गाणारी ‘एक वृद्धा’ होऊन राहते. ज्या बाईला सही येत नाही, तिचा अंगठा घेण्याआधी तो कागद तिच्या बोलीत वाचून दाखवा. मराठी असो, कन्नड असो. आणि तिची हरकत नसेल, तर ओवीखाली तिचे आणि गावाचे नाव छापा.