कानांनी वाचलेली युद्धे

(एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



ग्रंथालयाच्या व्यासपीठावरून ‘पुस्तके ऐकावीत’ असे सांगणे म्हणजे यजमानाच्या पंगतीत बसून उपवासाचे माहात्म्य गाण्यासारखे आहे. तरीही कार्यवाहांनी हाच विषय सुचवला, तेव्हा त्यांच्या धैर्याला दाद देऊनच मी आरंभ करतो. मी काही या क्षेत्रातला तज्ज्ञ नव्हे. तीस वर्षे वृत्तपत्रात शब्द खरडले आणि गेली चार वर्षे युद्धांचा व आधुनिक इतिहासाचा एक नियमित श्रोता झालो, एवढाच माझा अधिकार.

श्रोता झालो तोही नाइलाजाने. चार वर्षांपूर्वी माझ्या डोळ्याच्या पडद्यावर शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी काही आठवडे वाचन बंद केले. वाचन हाच ज्याचा चरितार्थ, त्याने दिवस घालवावा कसा? मुलीने माझ्या भ्रमणध्वनीत ऑडिओबुकची सोय करून दिली. २०१७ च्या अखेरीस ‘स्टोरीटेल’ भारतात आल्यापासून मराठी घरांतही ही बोलकी पुस्तके पोहोचली आहेत, हे मला ऐकून ठाऊक होते. पण ती प्रवासात वेळ घालवण्याची साधने, अशीच माझी समजूत होती. ती समजूत किती उथळ होती, ते पुढे कळले.

रणभूमीवर जन्मलेले पुस्तक

बोलक्या पुस्तकाचा जन्म करमणुकीतून झालेला नाही. त्याच्या मुळाशी युद्ध आहे. पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेल्या ब्रिटिश सैनिकांसाठी १९१५ साली ‘सेंट डन्स्टन्स’ ही संस्था स्थापन झाली. १९१६ मध्ये सोमच्या लढाईत इयन फ्रेझर नावाच्या अठरा वर्षांच्या तरुण अधिकाऱ्याची दृष्टी गेली. पुढे हाच तरुण त्या संस्थेचा अध्यक्ष झाला. प्रौढ वयात अंध झालेल्या सैनिकाच्या बोटांना ब्रेल लिपी सहजी वळत नाही, हे त्याला स्वानुभवाने ठाऊक होते. त्याने ध्वनिमुद्रित पुस्तकांचा ध्यास घेतला आणि १९३५ च्या नोव्हेंबरात ब्रिटनमधील अंधांच्या हाती पहिली बोलकी पुस्तके पडली. तबकडीच्या एका बाजूस सुमारे पंचवीस मिनिटांचे वाचन मावत असे.

या कथेचा एक धागा आपल्या देशातही येतो. दुसऱ्या महायुद्धात अंध झालेल्या भारतीय सैनिकांसाठी १९४३ मध्ये डेहराडूनला सेंट डन्स्टन्सचे केंद्र उघडले. दृष्टिबाधितांसाठी आज तेथे जी राष्ट्रीय संस्था आहे, तिचे मूळ त्या केंद्रात आहे. म्हणून कानांत यंत्र अडकवून फिरायला निघतो, तेव्हा मला वाटते की ही सोय कोणाच्या तरी डोळ्यांचे मोल देऊन आपल्यापर्यंत आली आहे.

कानाला चाळता येत नाही

मी ऐकलेले पहिले मोठे पुस्तक विल्यम शायरर यांचे. नाझी जर्मनीच्या उदयास्ताचा १९६० साली प्रसिद्ध झालेला तो प्रचंड इतिहास. महाविद्यालयात असताना मी तो जुन्या बाजारात विकत घेतला होता. तीनदा वाचायला काढला आणि तिन्ही वेळा म्युनिक कराराच्या अलीकडेच थांबलो. ऐकायला तो सत्तावन्न तासांच्या आसपास लागतो. रोज सकाळ-संध्याकाळच्या फेरीत, दीड महिन्यात तो पूर्ण झाला.

वाचताना आपण घाई करतो. कंटाळवाणा परिच्छेद आला की डोळा खाली उडी मारतो. आकड्यांचा तक्ता आला की पान उलटतो. कानाला असे चाळता येत नाही. लोकशाहीच्या एकेक संस्थेने कशी मान टाकली, प्रत्येक टप्प्यावर सज्जनांनी ‘एवढे चालायचेच’ म्हणून कसे डोळे मिटले, हे त्याच संथ गतीने ऐकावे लागले, तेव्हा कोठे त्या कालखंडाचा भार मनावर पडला. मृतांच्या संख्येवरून डोळा घसरतो; कानाला मात्र ती पूर्ण उच्चारलेली ऐकावी लागते.

तीच गोष्ट रेझांग लाची. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी मेजर शैतानसिंग आणि १३ कुमाऊँची त्यांची तुकडी लढाख सीमेवर लढली. सुमारे १२० जणांपैकी ११४ धारातीर्थी पडले. हे सारे मी अनेकदा वाचले होते, त्यावर अग्रलेखही लिहिला होता. पण पुढच्या फेब्रुवारीत तेथे लोक पोहोचले तेव्हा जवान आपापल्या मोर्चांत, शस्त्र हाती धरलेल्या अवस्थेत गोठलेले आढळले, हा वृत्तान्त एका शांत, अनलंकृत आवाजात ऐकला आणि मी रस्त्याकडेच्या कट्ट्यावर बसलो. त्या आवाजाने एकही शब्द चढवला नव्हता.

त्यावरून माझे एक ठाम मत बनले. युद्धकथेच्या अभिवाचनात पार्श्वसंगीत नको, तोफांचे आवाज नकोत, गहिवरलेला सूर तर नकोच. हौतात्म्याला नाटकी आवाजाची गरज नसते. वाचकाने मध्ये न येता मजकूर आपल्यापर्यंत पोहोचवावा, हीच त्याची कला.

विश्वासू कानाचे धोके

मित्रहो, आता दुसरी बाजू. कान हे इंद्रिय फार श्रद्धाळू आहे. माणसाचा आश्वासक आवाज ऐकला की बुद्धी अर्धी झोपते. छापील पानावर तळटीप असते, संदर्भ असतो, नकाशा असतो. शंका आली तर दहा पाने मागे जाता येते. आवाजाला तळटीप नसते. गणपतराव म्हणाले की दप्तर म्हणाले, हे ऐकणाऱ्याला कळत नाही.

एक उदाहरण देतो. ४ जून १९४० रोजी डंकर्कच्या माघारीनंतर विन्स्टन चर्चिल यांनी ब्रिटिश संसदेत केलेले भाषण जगप्रसिद्ध आहे. शत्रूशी किनाऱ्यांवरही लढू, असा निर्धार सांगणारा तो खर्जातला आवाज आपण माहितीपटांतून ऐकला आहे. पण त्या दिवशी सभागृहात ते भाषण ध्वनिमुद्रित झालेच नव्हते. रात्री बीबीसीच्या निवेदकाने त्यातील उतारे वाचून दाखवले. आपण ऐकतो ते चर्चिल यांनी १९४९ मध्ये, म्हणजे युद्ध जिंकल्यावर चार वर्षांनी केलेले वाचन आहे. शब्द तेच, पण पराभवाच्या छायेतला माणूस आणि विजयी माणूस यांचा आवाज एकच असेल काय?

याच चर्चिल यांनी दुसऱ्या महायुद्धाचा सहा खंडांचा इतिहास लिहिला. १९५३ मध्ये त्यांना साहित्याचे नोबेल मिळाले. भाषा अशी की ऐकतच राहावे. पण त्या महाकाय ग्रंथात १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाला जवळजवळ स्थानच नाही. ज्या महायुद्धात पंचवीस लाखांवर भारतीय सैनिक उतरले, त्याच काळात त्यांच्या देशात लाखो माणसे अन्नान्न करून मेली. जे सांगितले जाते ते कान ऐकतो. जे वगळले ते शोधायला जागी बुद्धी लागते.

आपल्याकडे आणखी एक पेच आहे. विश्वास पाटील यांची ‘पानिपत’ ही कादंबरी आणि त्र्यं. शं. शेजवलकरांचा ‘पानिपत : १७६१’ हा इतिहासग्रंथ. कपाटात दोन्ही वेगळ्या फळ्यांवर असतात. कादंबरीकाराला संवाद रचण्याचा अधिकार आहे, तो त्याचा धर्मच आहे. परंतु दोन्ही कानांवाटे आली की महिन्याभराने भाऊसाहेबांच्या तोंडचे वाक्य कागदपत्रातले की कल्पनेतले, हे आठवेनासे होते. मग वादविवादात आपण कल्पनेलाच पुरावा म्हणून पुढे करतो. इतिहासावर प्रेम करणाऱ्यांनी तरी ही चूक करू नये. खऱ्या पराक्रमाला खोट्या पुराव्याचा टेकू दिला की तो पराक्रमच संशयास्पद होतो.

म्हणून मी तीन पथ्ये पाळतो. ऐकताना घरी नकाशापुस्तक उघडे ठेवतो. हाजीपीर कोठे, चुशूल कोठे, हे बोटाने शोधल्याशिवाय पुढे जात नाही. दुसरे, खिशात छोटी वही ठेवतो आणि खटकलेली तारीख वा विधान टिपून ठेवतो. तिसरे, पुस्तक संपूर्ण आहे की संक्षिप्त, इतिहास आहे की कादंबरी, हे आधी पाहतो. आणि या तिन्हींसाठी अखेर ग्रंथालयातच यावे लागते, म्हणून कार्यवाहांनी निश्चिंत असावे!

आपले आवाज

श्रवण आपल्याला परके नाही. अफझलखानवधाचा पोवाडा शिवकालात रचला गेला, तो ऐकण्यासाठी. नेताजींनी १९४४ मध्ये रंगूनहून देशबांधवांना हाक दिली, ती आकाशवाणीवरून. बेलारूसच्या स्वेतलाना अलेक्सिएविच यांनी दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या शेकडो सोव्हिएत स्त्रियांना बोलते केले आणि त्यांच्या कथनातून १९८५ मध्ये ग्रंथ सिद्ध केला; २०१५ चे नोबेल त्यांना मिळाले. तेथे आधी आवाज होता, पुस्तक मागून झाले.

येथे मला माझ्या मामांविषयी सांगायचे आहे. ते तोफखान्यात होते, १९६५ मध्ये सियालकोट आघाडीवर लढले. उतारवयात दृष्टी मंदावली. उजवा कान तर तोफांनी केव्हाच नेला होता. एका संध्याकाळी त्या युद्धावरचे एक पुस्तक मी त्यांच्या डाव्या कानाशी लावले. फिलोराची लढाई झाली, पूना हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल तारापोर जखमी होऊनही मागे हटले नाहीत आणि १६ सप्टेंबरला धारातीर्थी पडले, येथवर कथन आले. मामा म्हणाले, “थांबव जरा.” मला वाटले, त्यांना त्रास झाला. ते म्हणाले, “यांची रात्र एका वाक्यात संपली रे. आमची सरता सरत नव्हती.”

मग ते बोलू लागले. गोळे वाहून सोललेले खांदे, उसाच्या शेतातले दबून बसणे, चहाच्या किटलीला पडलेले भोक आणि ते बुजवायला लावलेला साबण. कोणत्याही ग्रंथात हे नाही. तीस वर्षे मी मंत्र्यांच्या मुलाखती घेत फिरलो आणि ज्यांच्या मांडीवर वाढलो त्या माणसाला एक प्रश्न विचारला नव्हता.

दोन संध्याकाळी मिळून चाळीस मिनिटे ध्वनिमुद्रण झाले. तिसरी बैठक दिवाळीनंतर करू असे ठरले. दिवाळीच्या आधीच मामा गेले.

बंधु-भगिनींनो, १९७१ मध्ये लढलेला सर्वांत तरुण जवानही आज सत्तरी ओलांडून गेला आहे. १९६२ आणि १९६५ चे तर फार थोडे उरले. मेजर जनरल शशिकांत पित्रे यांच्यासारख्यांनी मराठीत युद्धेतिहास लिहिला, ते ऋण मोठे आहे. पण प्रत्येक गावात न लिहिलेला एक ग्रंथ ओसरीवर बसलेला आहे. त्यासाठी मोठे यंत्र नको, निधी नको. तुमच्या खिशातला फोन पुरे. नाव, पलटण, वर्ष आधी विचारा, मग गप्प बसा आणि ऐका. ऐकलेले नंतर कागदपत्रांशी ताडून पाहा, कारण स्मृतीही चुकते. त्याची एक प्रत या ग्रंथालयात आणून द्या.

माझ्याकडची ती चाळीस मिनिटे मी आज कार्यवाहांच्या स्वाधीन करतो. फळीवर तिच्या शेजारी जागा मोकळी आहे.