बंगाल मांजर घरी आणायच्या आधी

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



चांदीसाठी नावाजलेल्या खामगावात आपल्या सोसायटीचा रौप्यमहोत्सव, योग चांगला जुळला. मी पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त. नोकरी सगळी गाई-म्हशींत गेली, पण हल्ली जिन्यात जो तो मला बंगाल मांजराचंच विचारतो. मोबाइलवर ते ठिपकेदार जनावर नळाखाली खेळताना दिसतं आणि घरात हट्ट सुरू होतो.

ही जात बंगालची नाही बरं का. आपण जिला वाघाटी म्हणतो त्या रानमांजरीच्या शास्त्रीय नावात ‘बेंगालेन्सिस’ आहे, त्यावरून नाव पडलं. अमेरिकेत जीन मिल या बाईंनी १९६३ मध्ये वाघाटीचा पाळीव बोक्याशी संकर केला आणि १९८० च्या दशकात ही जात उभी राहिली. पहिल्या तीन पिढ्या रानाच्या फार जवळच्या, बुजऱ्या. घरासाठी चौथ्या किंवा पुढच्या पिढीचंच पिल्लू बघा. वंशावळीचा कागद मागा. आई-बापांची डोळ्यांच्या पडद्याची आणि रक्ताच्या आनुवंशिक दोषाची तपासणी झाली का, विचारा. विकणारा टाळाटाळ करत असेल तर चहा पिऊन परत या.

आपल्या भागात धोका वेगळाच आहे. कापणीच्या वेळी शेतात रानमांजरीची पिल्लं सापडतात. कुणी ती ‘बंगाल’ म्हणून स्वस्तात देऊ केली तर हात लावू नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे तो गुन्हा आहे. पिल्लू जागेवरच राहू द्या, आई बहुतेक वेळा रात्री येऊन उचलून नेते. नाहीच आली तर वनविभागाला १९२६ वर कळवा.

आता सांभाळणं. हे मांजर दिवसभर गादीवर लोळणारं नाही. सकाळ-संध्याकाळ वीस-वीस मिनिटं दोरी-पीस घेऊन त्याला पळवावं लागतं, चढायला उंच फळ्या लागतात. नाही दिलं तर पडदे, देव्हारा, माशांची टाकी, सगळीकडे पोचतं. गॅलरीला मजबूत जाळी आधी, मांजर नंतर. दूध-पोळीवर ते जगत नाही, त्याला मांसच लागतं. शाकाहारी घरांनी हे आधीच ठरवावं. आठव्या आठवड्यापासून लस, पुढे रेबीजची, आणि पाच-सहा महिन्यांनी नसबंदी, नाहीतर बोका भिंती ओल्या करतो. आणखी एक, ताप आला म्हणून पॅरासिटामॉल कधीही देऊ नका, एका गोळीने मांजर मरतं. कुत्र्याचं गोचिडाचं औषधही नाही.

एका वहिनींची मुलगी आठवीत आहे, ती मागे लागली आहे. मी त्यांना एवढंच विचारलं, मांजर बारा ते पंधरा वर्षं जगतं. पोरगी चार-पाच वर्षांनी शिकायला पुण्याला गेली की रात्री दोन वाजता दोरी कोण हलवणार? आजी बाजूलाच बसल्या होत्या. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. गुडघे त्यांचे दुखतात आणि मांजर त्यांच्याच वाट्याला येणार. ते घर अजून विचार करतंय, आणि करू द्या.

सोसायटीला पाळीव प्राण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचना तेच सांगतात. पण मांजराची रेती संडासात ओतू नका. पाइप तुंबला की खालच्या मजल्यावरच्यांना त्रास होतो. ती कागदात बांधून घंटागाडीत द्या.