एक तार उतरतांना

विजेच्या गिटारला सामान्यतः सहा तारा असतात. त्यांपैकीं सर्वांत जाड तार पाश्चात्य 'ई' स्वरांत लावण्याचा प्रघात आहे. तीच एक पूर्ण स्वर उतरवून 'डी'वर आणली, म्हणजे खर्जाच्या तीन तारा सा-प-सा अशा बोलूं लागतात. साध्या गिटारवर हें काम खुंटी सैल करून होतें. परंतु फ्लॉइड रोझ या अमेरिकन कारागिरानें १९७० नंतरच्या दशकांत काढलेल्या हलत्या घोडीच्या गिटारवर मानेच्या टोकाशीं तारा पेचांनीं आवळलेल्या असतात. तेथें खुंटीचा उपाय चालत नाहीं.

ही अडचण 'डी-ट्यूना' नांवाची लहानशी कळ दूर करते. एडी व्हॅन हेलन (१९५५-२०२०) या विख्यात वादकाच्या नांवाशीं ती निगडित आहे. घोडीवर जाड तार आवळणारा मागील लांब पेच काढून त्या ठिकाणीं ही कळ बसवितात. ती बाहेर ओढली कीं 'डी', आंत सारली कीं पुन्हां 'ई'. तंबोऱ्याचे मणी सरकवितांना येते तशी दोन्ही स्वरांची बारीक जुळणी मात्र आधीं आळीपाळीनें करून घ्यावी लागते.

खरी मेख पुढेंच आहे. हलती घोडी एका बाजूस तारांचा ताण व दुसऱ्या बाजूस स्प्रिंगांची ओढ यांच्या समतोलावर उभी असते. 'ई' तारेचीं कंपनें सेकंदास सुमारें ८२.४, तर 'डी'चीं ७३.४. ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणांत बदलतो. म्हणून स्वर उतरतांच त्या तारेचा जवळजवळ पांचवा हिस्सा ताण नाहींसा होतो. स्प्रिंगांची सरशी होऊन घोडी मागें झुकते आणि हात न लावलेल्या पांचही तारा चढ्या बोलूं लागतात. दोष कळीचा नसतो, आधाराच्या अभावाचा असतो.

यास्तव घोडी आधीं गिटारच्या अंगावर टेकवून ठेवावी. किंवा पाठीमागील पोकळींत, घोडीखालचा धातूचा ठोकळा व मानेकडील भिंत यांमध्यें लांकडाचा बेताचा तुकडा घट्ट बसवावा. मग घोडी मागें झुकत नाहीं व पांच तारा सुरांत राहतात. या व्यवस्थेंत दांडा ओढून स्वर चढविण्याची सोय मात्र जाते. उतरविण्याची तेवढी राहते. या सोडलेल्या सोयीची किंमत ज्यास जड वाटेल, त्यानें कळ विकत घेण्यापूर्वींच विचार करावा. कारण ताणलेल्या सहा तारांत एकटीपुरता बदल असा कोणताच नसतो.