घरकुलाची दोन मापे



घरकुलाच्या यादीवरून गावोगाव भांडणे लागली आहेत. नाव कुणी कापले, कुणी घुसवले, एवढ्यावरच चर्चा संपते. आमचे म्हणणे असे, की यादीआधी नियम वाचा. खरी मेख तिथे आहे.

इंदिरा आवास योजनेची पाटी बदलून २०१६ साली प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) आली. सपाट प्रदेशात एका घराला १ लाख २० हजार रुपये ठरले. २०२४ मध्ये आणखी दोन कोटी घरांना मंजुरी मिळाली, तेव्हाही आकडा तोच. आठ वर्षांत वाळू, लोखंड, गवंड्याची मजुरी कुठल्या कुठे गेली, हे ज्याने साधी चूल बांधली त्यालाही कळते. त्यात सिमेंटवर जुलै २०१७ पासून २८ टक्के जीएसटी. तो १८ वर यायला सप्टेंबर २०२५ उजाडला. या हाताने अनुदान द्यायचे, त्या हाताने कर काढून घ्यायचा! महाराष्ट्र सरकारने २०२५ मध्ये ५० हजारांची भर घातली. त्यातले १५ हजार छपरावरच्या सौर पॅनेलचे.

आता शहराकडे बघा. याच नावाच्या शहरी योजनेत २०१७ ते २०२१ या काळात वर्षाला १८ लाख मिळवणाऱ्या कुटुंबालाही पहिल्या घराच्या कर्जावर व्याजसवलत होती. २ लाख ३० हजारांपर्यंतची रक्कम सरकार थेट कर्जखात्यात भरी. फ्लॅट २०० चौरस मीटरचा असला तरी चाले. गावातल्या घरकुलाचे किमान माप २५ चौरस मीटर.

आणि गावात अपात्र कोण? ज्याच्या किसान क्रेडिट कार्डाची मर्यादा ५० हजार किंवा अधिक आहे तो. घर मातीचे असो, छप्पर गळो, नाव बाद. अडीच एकर बागायत किंवा पाच एकर कोरडवाहू असली तरी बाद. मराठवाड्यातली पाच एकर कोरडवाहू म्हणजे केवढी श्रीमंती, हे आपल्याला सांगायला नको. २०२४ मध्ये दुचाकी आणि फ्रिजची अट काढली, पीककर्जाची ठेवली. शहरात कर्ज काढणाऱ्याला सरकार मदत करते. गावात कर्जाची पत हाच श्रीमंतीचा दाखला!

घरकुलधारकाला ७० हजारांपर्यंत बँकेचे कर्ज मिळवून देण्याची तरतूदही नियमात आहे. पण बँक तारण मागते आणि गावठाणातल्या घराला पिढ्यान्‌पिढ्या कागदच नव्हता. स्वामित्व योजनेतून मालमत्ता पत्रक देण्याचे काम २०२० मध्ये सुरू झाले. ते पत्रक घेऊन बँकेत जा. बँकेने नाही म्हटले तर तोंडी ऐकून परत फिरू नका, नकार लेखी मागा.

ग्रामसभेत यादी मोठ्याने वाचायला लावा. क्रेडिट कार्डामुळे किंवा कोरडवाहू जमिनीमुळे बाद झालेल्यांची नावे वेगळी काढा आणि पुढच्या जिल्हा बैठकीला घेऊन या. या दोन अटी रद्द कराव्यात आणि घराची रक्कम दरवर्षी बांधकामखर्चाप्रमाणे वाढावी, एवढे मागणे घेऊन आपण जिल्हाधिकारी कचेरीवर जाणार आहोत.