शिंप्याला कळेल असं चित्र

मघापासून शिट्ट्या आवरून बसलेल्या मुलामुलींनो,

बक्षिसं झाली, नाच अजून व्हायचे आहेत आणि मध्ये मी उभी आहे. तुमची अडचण मला कळते, म्हणून आटोपतं घेते.

मी फॅशनची चित्रं काढते. कपडा शिवून व्हायच्या आधी तो अंगावर कसा दिसेल, हे कागदावर दाखवायचं, एवढंच माझं काम. पण कोल्हापुरात उभं राहून या कामाबद्दल बोलायचं, तर आधी भानू राजोपाध्ये यांचं नाव घ्यायला हवं. पुढे भानू अथैय्या म्हणून जगाला माहीत झालेल्या. तुम्हाला त्यांचं १९८३चं ऑस्कर ठाऊक असेल. मला त्यांची त्याआधीची कामं जास्त खुणावतात.

१९२९ साली त्या इथे जन्मल्या. वडील अण्णासाहेब चित्रकार, त्यामुळे रंगांचा वास घरातलाच. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत १९५१ साली सुवर्णपदक मिळवलं, १९५३मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप या चित्रकारांच्या गटाच्या प्रदर्शनात त्यांची चित्रं लागली. आणि त्याच सुमारास ही मुलगी ‘फॅशन अँड ब्यूटी’ आणि ‘ईव्हज वीकली’ या नियतकालिकांसाठी कपड्यांची रेखाटनं करत होती. पुढे ‘ईव्हज वीकली’च्या संपादिकेनं बुटीक काढलं आणि रेखाटनांवरून प्रत्यक्ष कपडे करायचं काम त्यांच्याकडे आलं. तिथून सिनेमा, १९५६चा ‘सी.आय.डी.’ हा सुरुवातीचा.

कॅनव्हास म्हणजे खरी कला आणि मासिकातलं चित्र म्हणजे पोटापाण्याची गोष्ट, असं अजूनही काही जण मानतात. मला ते पटत नाही. कॅनव्हासवरचा पदर कुणाला नेसायचा नसतो. आमच्या चित्रातला पदर उद्या कुणीतरी खांद्यावर घेणार असतो. शिलाई कुठून गेली, गळा डोक्यातून उतरणार कसा, बटणं पुढे की मागे, हे शिंपी विचारणारच. तिथे ‘ही माझी शैली आहे’ हे उत्तर चालत नाही.

भानूताईंनी केलेली ‘ब्रह्मचारी’मधली मुमताजची नारिंगी साडी आठवा. १९६८चा सिनेमा, तुमच्या आजीला विचारा, ती लगेच सांगेल. नाचताना सुटू नये म्हणून ती साडी आधीच बेतून, शिवून, चेन लावून तयार केलेली होती. पडद्यावर नुसती झोकदार गुंडाळल्यासारखी वाटते, पण आत सगळा हिशेब आहे.

प्रेरणा कुठून मिळते, असं मला नेहमी विचारतात. ती घरी येत नाही हो, जाऊन बघावं लागतं. ‘आम्रपाली’ या सिनेमासाठी भानूताईंनी अजिंठ्याची भित्तिचित्रं जाऊन अभ्यासली. वस्त्र कमरेला कुठे बांधलंय, दागिना कपड्यावर आहे की अंगावर, हे भिंतीसमोर उभं राहिल्यावरच दिसतं. ‘गांधी’ सिनेमाच्या वेळी तर एकाच माणसाचा बॅरिस्टरी सूट, मग काठियावाडी पोशाख आणि १९२१नंतर फक्त पंचा, असा अख्खा प्रवास कपड्यांतून दाखवायचा होता. ब्रिटिश गणवेशांची बाजू वेशभूषाकार जॉन मोलोंनी सांभाळली आणि ऑस्कर दोघांना मिळून मिळालं.

माझी पद्धत अगदी साधी आहे. वही घेऊन मी एसटी स्टँडवर बसते. आधी कपडा काढतच नाही. आधी खांद्यांचा उतार, मग वजन कुठल्या पायावर आहे ते. एका पायावर भार दिला की त्या बाजूचं कंबरेचं हाड वर येतं आणि खांदा खाली झुकतो; हे चुकलं तर वर कितीही भारी साडी चढवा, बाई पडणार असंच वाटतं. मग कपडा कुठे अडकलाय ते शोधायचं. खांदा, कोपर, कंबर, गुडघा. चुणी तिथूनच निघते. काष्टा खोचलेल्या नऊवारीच्या चुण्या मागे खेचलेल्या असतात, पाचवारीच्या निऱ्या सरळ खाली येतात. मलमल अंगाला चिकटते, पैठणीची घडी ताठ उभी राहते. रेशमाची चकाकी दाखवायला पांढरा रंग लागत नाही, कोरा कागद सोडायचा आणि त्याला खेटून गडद छटा द्यायची. कुठे सोडायचं हे कळायला मात्र वर्षं जातात.

सोडण्यातला उस्ताद म्हणजे फॅशनचित्रकार रने ग्रुओ. १९४७पासून डिओर या फॅशनगृहाच्या अत्तरांच्या जाहिराती त्यानं केल्या. काळी जाड रेघ, एखादा लाल डाग, बाकी कागद रिकामा. चित्रकार तुलूझ-लोत्रेकची पोस्टरं त्यानं मनापासून पाहिली होती, ते त्याच्या रेघेत दिसतं. त्याच्या चित्रावरून शिंप्याला काही बेतता येणार नाही, आणि तरीही ते मला आवडतं. माझ्याच म्हणण्याच्या विरुद्ध जातंय, जाऊ दे. त्याला अत्तर विकायचं होतं.

आणखी एक. फॅशनच्या चित्रातली बाई नऊ डोक्यांइतकी उंच काढायची रीत आहे. खरी माणसं सात-साडेसात डोक्यांची असतात. शिकताना ही रीत शिका जरूर. पण मी साडेसातवर परत आले, कारण कपडे विकत घेणाऱ्या बायका तेवढ्याच उंचीच्या असतात.

कार्यक्रम संपल्यावर मी स्टेजच्या डाव्या बाजूला थांबणार आहे. वह्या घेऊन या. फसलेली पानं आधी दाखवा. चांगली चित्रं सरांनी बाहेर फलकावर लावलेलीच आहेत, ती मी येतानाच पाहिली.